पेरूच्या झाडाचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र मालवणच्या एका कचेरीत कारकून होता, आणि घरात कुठलीही साधी गोष्ट करायची झाली तरी आधी तिचा हुकूम काढायची त्याला खोड होती. हुकूम शुद्ध मराठीत असायचा. एरवी हा गृहस्थ सगळ्या वाडीसारखा मालवणीच बोलायचा, मालवणीतच भांडायचा आणि झोपेत मालवणीतच घोरायचा (असं त्याची बायको सुभद्रा सांगायची, आणि तिच्याशिवाय दुसरं कोण सांगणार?). पण हुकूम सोडायचा म्हटलं की पाठ ताठ व्हायची, हात मागे जायचे आणि तोंडातून ‘सबब’ बाहेर पडायचं. ‘सबब’ ऐकलं की त्याची दोन्ही मुलं, दहा वर्षांची आनंदी आणि सहा वर्षांचा शंकर, एकमेकांकडे बघायची. आता काहीतरी अंगाशी येणार, हे त्यांना पाठ झालं होतं.

साल एकोणीसशे एकोणसाठ असावं. चवथ आटपून गणपती पोहोचते झाले होते आणि घरात करंज्यांचा वाससुद्धा उरला नव्हता. त्या पावसाळ्यात आनंदीला मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना पोरीचं अंग घेऊन गेला. पाय नुसत्या काठ्या, तोंड फिकं, दात घासले की हिरड्यांतून रक्त. सुभद्रा रोज दृष्ट काढायची. हरिश्चंद्र वरवर कचेरीच्या गोष्टी सांगायचा, पण पोरगी झोपली की तिच्या मनगटाला दोन बोटांचा वेढा घालून बघायचा, आणि वेढा सैल पडला की पांघरूण तिच्या गळ्यापर्यंत ओढायचा. शेवटी त्याने तिला मालवणच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले आणि औषधाची बाटली न देताच हात धुतले.

“हिला ताजी फळं द्या. रोज. दोघांनाही द्या. आत्ता सवय लागली तर जन्मभर पुरेल.”

झालं! घरी येईपर्यंत हरिश्चंद्राच्या डोक्यात हुकूम तयार होता.

“सबब,” तो ओसरीवर उभा राहून म्हणाला, “उद्यापासून या घरातली मुलं रोज सकाळी पाटावर बसून एकेक ताजं फळ खातील. कुरकुर चालणार नाही. फळ संपेपर्यंत पाटावरून उठणं चालणार नाही.”

“आणि बाबा, तुमी?” शंकराने विचारलं.

“मोठ्या माणसांना फळांची गरज नसते. त्यांची वाढ झालेली असते.”

(खरी गोष्ट वेगळीच होती. हरिश्चंद्राला फळ हा प्रकारच सोसत नसे. केळं त्याला बुळबुळीत वाटायचं, पपईचा वास आला की तो उठून अंगणात जायचा, आणि पेरूची बी एका पोकळ दाढेत अडकायची ती जेवणापर्यंत निघायची नाही. त्याच्या मते परमेश्वराने बांगडा केला तेव्हाच माणसाच्या जेवणाचा प्रश्न निकालात निघाला होता.)

दुसऱ्या दिवसापासून हुकमाची अंमलबजावणी सुरू झाली. सुभद्रा मागच्या खोलीत पाट मांडायची. घरच्या केळीची केळी, कधी पपईची फोड, कधी आचऱ्याहून तिच्या भावाने पाठवलेला अननस. मुलं मुकाट्याने बसायची. हरिश्चंद्र दाढी करता करता ओसरीवरून ओरडायचा, “खाल्लात?” आतून उत्तर यायचं, “खाल्ला!” आणि खरंच, ताटल्या चाटून पुसून लख्ख असायच्या. घरातला पहिला हुकूम विनातक्रार पार पडत होता. कचेरीत चहा पिताना त्याने दोन-तीन जणांना याची पद्धतसुद्धा समजावून सांगितली.

फक्त एकच गोष्ट जमत नव्हती. पंधरवडा गेला तरी आनंदीच्या मनगटाचा वेढा तसाच सैल. उलट गोठ्यातली पोवळी गाय मात्र दिवसेंदिवस तुकतुकीत दिसायला लागली. “दूद वाडला हां पोवळेचा,” सुभद्रा कौतुकाने सांगायची. हरिश्चंद्र आपला हूं म्हणायचा. गायीचं आणि हुकमाचं काही नातं असेल असं त्याच्या कारकुनी डोक्यात कुठून येणार?

ते आलं एका रविवारी. गालाला साबण तसाच ठेवून दाढीला पाणी घ्यायला तो घराच्या मागे विहिरीवर गेला आणि बघतो तर पोवळी मागच्या खोलीच्या खिडकीशी मान वर करून उभी. खिडकीतून आनंदीचा बारीक हात बाहेर आला. हातात सोललेलं केळं. पोवळीने ते अदबीने घेतलं. मग शंकराचा हात आला. पोवळीने तेही घेतलं, शंकराची बोटंही चाटून दिली आणि पुढच्या आशेने खिडकीकडे बघत राहिली.

हरिश्चंद्राच्या डोक्यात ‘सबब’ उसळलं. पण ते ओठावर यायच्या आत दोन्ही मुलं मागच्या दाराने सुटली आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या ढासळलेल्या जागेतून पलीकडे, हौसाबाईच्या परड्यात गेली. हौसाबाई म्हणजे शेजारची विधवा बाई. मुलगा मुंबईला, घरात दुसरं माणूस नाही, आणि परड्यात वाडीतलं सगळ्यात गोड पेरूचं झाड. आनंदी त्या झाडावर सरसर चढली. ही तीच पोरगी, जिला ओसरीची पायरी चढताना धाप लागायची! फांदीवर बसून तिने पेरू तोडला, परकराला पुसला आणि करकन दात घातले. एक संपला, दुसरा घेतला. हिरवा, पिकला, पाखरांनी टोचलेला, काही म्हणून बघत नव्हती. खाली शंकर तोंड वर करून उभा होता आणि ती त्याला वेचून वेचून चांगले टाकत होती.

हरिश्चंद्र तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. पोरीला इतक्या आनंदाने खाताना त्याने तापानंतर पहिल्यांदाच बघितलं. त्याचे डोळे भरून आले. (गालावरच्या साबणाने आले असतील असं त्याने स्वतःला सांगितलं. पण साबण वाळून गेला होता.)

तेवढ्यात हौसाबाई दारात आली. “कोण गो ता झाडार? मेल्यांनू, थांबा, तंगडीच मोडतंय!” मुलं धपाधप उड्या मारून गडग्याच्या अलीकडे आली. दोघांचेही चेहरे लाल, दोघंही हसत होती, आणि आनंदीच्या ओच्यात आणखी दोन पेरू होते.

दुसरा कोणी बाप असता तर त्याने कान उपटला असता. हरिश्चंद्राने विचार केला, आणि तिथेच सगळं बिघडलं. पाटावरचं फळ पोवळीला जातं, झाडावरचं पोटात जातं. म्हणजे मुलांना फळ नको असं नाही, हुकूम नको आहे. त्यांना पेरू गोड लागतो तो हौसाबाई ओरडते म्हणून. तेव्हा मुलांनी रोज पेरू खायला हवा असेल, तर हौसाबाईने रोज ओरडायला हवं. विचार इतका सरळ होता की त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत गेल्यावर तो हौसाबाईकडे गेला.

“मावशे, पोरां तुजी पेरां खातत.”

“माका दिसता हां! आंदळी नाय मी.”

“खावंदेत. फकस्त तू वरडूक व्हया. रोज. पण धरूचा नाय.”

हौसाबाईने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग हरिश्चंद्राने सगळं सांगितलं. ताप, डॉक्टर, केळी, गाय. म्हातारीने ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला.

“बरा. आणि माका काय?”

“गडग्यावरचो माड.”

हा माड म्हणजे दोन घरांतलं जुनं दुखणं. उभा हरिश्चंद्राच्या जागेत, पण वाकलेला हौसाबाईच्या परड्यावर. नारळ पडायचे तिच्या अंगणात आणि हक्क सांगायला यायचा हा.

“यंदाचे सगळे नारळ तुजे,” हरिश्चंद्र म्हणाला. “पण ह्या कोणाक कळता नये. सुभद्रेकसुद्दा नाय. तिका कळला तर पोरांका कळात, आणि पोरांका कळला की पेरां गोड लागाची नाय.”

“कबूल. पण गाळी काय घालूच्यो ता माज्या मनाचा. माज्या तोंडाक तू कुंपण घालूचा नाय.”

“मंजूर आहे,” हरिश्चंद्र शुद्ध मराठीत म्हणाला.

हौसाबाई इतकी वर्षं एकटी राहत होती. बोलायला माणूस नव्हतं, मग ओरडायला कुठून असणार? आता हक्काने ओरडायला मिळालं, वर नारळही मिळाले, तेव्हा तिने ते काम मनापासून अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी नुसतं “मेल्यांनू” झालं. दुसऱ्या दिवशी गाडी मुलांच्या बापावर आली.

“बापूस कचेरीत बसता म्हणे! थंय बसान काय दिवे लावता? घरची पोरां उपाशी, लोकांच्या झाडार चडतत!”

हरिश्चंद्र ओसरीवर वर्तमानपत्र धरून हे ऐकत होता. सगळी वाडीही ऐकत होती. पण गडग्याच्या फटीतून आनंदी पेरू चावत परत आली तेव्हा तिच्या गालावर रंग होता, आणि त्याने वर्तमानपत्राच्या आड समाधानाचा सुस्कारा सोडला. पुढे पुढे हौसाबाईला हुरूप चढला. ती हरिश्चंद्राच्या वडिलांवर गेली, आजोबांवर गेली. आजोबांनी म्हणे कधी काळी कोणाची तरी बोकडी बांधून ठेवली होती, ती बोकडीही तिने बाहेर काढली. हरिश्चंद्राला हे नवीनच होतं. पण आजोबांपर्यंत मजल गेली त्या दिवशी आनंदीने रात्री भात मागून घेतला, तेव्हा आजोबांनी पणतीसाठी एवढं सोसायला हरकत नव्हती.

हरकत होती ती सुभद्रेला. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने आनंदीला समोर उभी करून विचारलं, “खरा सांग गो. तुमी चडतास हौसाबायच्या झाडार?”

“आमी नाय गो आये! माकडां असतली.”

सुभद्रेने विश्वास ठेवला, आणि का ठेवू नये? घरात रोज ताटलीभर फळं खाणारी मुलं लोकांचे पेरू चोरतील कशाला? तिने हौसाबाईला ताक पाठवणं बंद केलं. विहिरीवर दोघी पाठीला पाठ लावून पाणी काढायला लागल्या.

“अवो, ती बाय तुमच्या सात पिढ्यो काढता, आणि तुमी पेपर वाचतास?” ती नवऱ्याला म्हणाली.

“जावंदे गो. म्हातारी ती.”

“म्हातारी! तुमच्यात काय कणो आसा की नाय?”

हरिश्चंद्राने कण्यावरून हात फिरवला आणि पेपराचं पान उलटलं. बोलला तर पेरू जाणार. न बोलला तर अब्रू जात होती, पण अब्रूपेक्षा मनगटाचा वेढा मोठा होता, आणि तो हळूहळू घट्ट होत चालला होता. शिवाय पेरूंचा हंगाम संपला की सगळंच संपेल, असा त्याचा हिशेब होता. सुभद्रेचा हिशेब वेगळा होता.

एका संध्याकाळी तो कचेरीतून परतला तर हौसाबाईच्या परड्यात माणसं जमलेली. पेरूच्या झाडाखाली दाजी गावकर धोतराचा काचा मारून उभे, पुढ्यात नारळ, अगरबत्ती. दाजी म्हणजे वाडीचं गाऱ्हाणं घालणारे. वाडीचा राखणदार जो देवचार, त्याच्याशी बोलायचा मान त्यांच्या घराण्याचा. सुभद्रा पदर खोचून पुढे उभी होती, आणि मुलांना तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

“माजी पोरां चोर की ही बाय लबाड, ता आता राखणदारच सांगात,” ती म्हणाली. “झाडाक राखण घाला, दाजीनू!”

हौसाबाईने हरिश्चंद्राकडे बघितलं. हरिश्चंद्राने हौसाबाईकडे बघितलं. तिने वचन दिलं होतं म्हणून ती गप्प, आणि त्याला काही सुचेना म्हणून तो गप्प. तेवढ्यात दाजींनी आवाज लावला.

“बा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. गाऱ्हाण्यात हे म्हणावंच लागतं. दाजींनी प्रत्येक वाक्य टाकलं की जमलेल्यांनी त्याला होकार द्यायचा, लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं.

“आज ह्या सुभद्रेन तुज्या पायाकडे नारळ ठेवलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या पेराच्या झाडाची राखण आजपासून तुज्याकडे! जेणा कोणी चोरयेन ह्या झाडाचा फळ खाल्ल्यान आसात, माणूस आसो नायतर माकड आसो, तेका तू आपलो खेळ दाखय! तेच्या पोटात अन्न ठरू देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज शंकराचा होता. त्याला नुसतं ओरडायला मिळाल्याचा आनंद. आनंदीचं तोंड मात्र मिटलेलं होतं, आणि तिच्या गालावरचा रंग बघता बघता उतरला. दाजींनी नारळ तांबड्या फडक्यात गुंडाळून फांदीला बांधला. सुभद्रा मान वर करून घरी गेली.

त्या संध्याकाळी आनंदी जेवली नाही. पोटात दुखतं म्हणाली. सकाळी पेज पुढे केली तर एक घोट घेतला आणि बाकीची तशीच. दुपारी नाही, रात्री नाही. सुभद्रा घाबरली, ताप परत येतोय की काय म्हणून सारखी कपाळाला हात लावत होती. कपाळ थंड होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र कचेरीची टोपी घालून निघाला आणि मागच्या पायरीवर आनंदी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसली. त्याने टोपी काढली आणि तिच्याजवळ टेकला.

“बाबा,” ती जमिनीकडे बघत म्हणाली, “देवचार माज्यासारख्या चेडवांकपण न्हेता काय ओ?”

“कोण सांगता तुका?”

“मी खाल्लंय पेरां. रोज खाल्लंय. शंकराक मीच न्हेलंय, तेका काय एक कळणा नाय.” तिने परकराला नाक पुसलं. “दाजींका सांगशात? माका न्हेयत तर न्हेवंदे, पण शंकराक सोड म्हणान सांगा.”

हरिश्चंद्राने पोरीला जवळ ओढलं. वेढा परत सैल झाला होता, आणि तो त्याने स्वतःच्या शहाणपणाने केला होता.

“अगो, चोरी खंय झाली? ती पेरां मीच घेतलेली हौसामावशेकडसून! माडाच्या नारळार! तिका वरडूक मीच सांगलेला!”

आनंदीने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “माका बरा वाटाचा म्हणान सांगतास तुमी. सवताच्या आज्याक कोण गाळी घालूक सांगात?”

तो उठला, आणि कचेरीची वाट सोडून दाजींकडे गेला. दाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये दोनदा अडकित्ता थांबवून हसून घेतलं, मग म्हणाले,

“घालया गाऱ्हाणां. त्यात काय!”

“पण दाजीनू, जरा हळू... आपण दोगेच. नायतर मी रीतसर लिहून देतो. सबब—”

“देवचाराक वाचूक येणा नाय,” दाजी म्हणाले. “चार माणसांत सांगलेला चार माणसांतच परत घेवक व्हया. आणि हरिश्चंद्रा, देवचाराचा सोड. त्या चेडवाक ऐकाक येवक व्हया, नाय?”

हे मात्र खरं होतं. हरिश्चंद्राने मान खाली घातली.

संध्याकाळी पेरूच्या झाडाखाली मागच्या वेळेच्या दुप्पट माणसं होती. बातमी कशी पसरली ते दाजींनाच ठाऊक. (दाजी दुपारभर घरात नव्हते एवढं मात्र लोक सांगतात.) आनंदी आईला चिकटून उभी होती. हरिश्चंद्र नारळ घेऊन पुढे झाला आणि पुटपुटला, “दाजीनू, थोडक्यात आटपा.”

दाजींनी डोळे मिटले. थोडक्यात आटपणं त्यांच्या घराण्यात कोणालाच माहीत नव्हतं.

“बा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो जो हरिश्चंद्र तुज्या पायाकडे उबो आसा, तेणा आपल्या पोरांका रोज फळां खावक सांगल्यान, आणि सवता मात्र जन्मात एक फळ तोंडात घालूक नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात सुभद्रेचा आवाज वेगळा ऐकू आला.

“ती फळां पोरांनी गायीक घातल्यानी, आणि ह्येका पत्त्योच नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हा— काय?” सुभद्रेने वळून मुलांकडे बघितलं. वाढलेल्या दुधाचा उलगडा तिला भर गाऱ्हाण्यात झाला.

“मगे ह्या शाण्यान हौसाबायक माडाचे नारळ दिल्यान, तिची पेरां घेतल्यान, आणि सवताच्याच पोरांका चोर केल्यान रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हौसाबाई कधीपासून कोंडून ठेवलेलं वचन मोकळं झाल्यासारखी ओरडली.

“आणि आपल्या मेलेल्या आज्याक गाळी घालूक सवताच्या तोंडान परवानगी दिल्यान रे म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा’ निम्म्या लोकांना म्हणताच आलं नाही. वाडीतल्या गंगाराम भंडाऱ्याने हसता हसता गडगा धरला. हरिश्चंद्र पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. पण त्याने चोरून बघितलं तेव्हा आनंदीने आईचा पदर सोडला होता. ती डोळे मोठे करून दाजींकडे बघत होती.

“तेवां म्हाराजा, ही पेरां चोरयेची न्हयत! पोरांचो काय एक गुन्यो नाय! तुजी नदर तेंच्यावरसून काढ, तेंच्या पोटात अन्न ठरू दे, तेंका उदंड आयुष्य दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हा सगळ्या वाडीचा आवाज होता, आणि त्यात हसू नव्हतं.

“आणि जो काय दंड आसात, तो बापाशीक! जा पोरांका सांगल्यान ता आपण करीत! रोज सकाळी पाटार बसान, पोरांच्या समोर, एक ताजा फळ खायत! जन्मभर रे म्हाराजा!”

‘जन्मभर’ला हरकत घ्यायला हरिश्चंद्राने तोंड उघडलं. पण लहानपणापासूनची सवय वाईट. उघडलेल्या तोंडातून सगळ्यांबरोबर बाहेर आलं, “व्हय म्हाराजा!”

दाजींनी नारळ फोडला. खोबऱ्याचा आणि गुळाचा पहिला प्रसाद त्यांनी आनंदीच्या हातावर ठेवला. तिने बापाकडे बघितलं. बापाने मान हलवली. तिने तो तोंडात टाकला, चावला, गिळला आणि काय होतंय म्हणून थोडा वेळ वाट बघितली. काही झालं नाही. मग हौसाबाईने झाडावरून एक पिकलेला पेरू तोडून तिच्यापुढे धरला.

“खा गो बाय. वरडणंय नाय.”

आनंदीने तो तिथेच, सगळ्यांसमोर, सालासकट संपवला. सुभद्रा डोळ्याला पदर लावून रडली, आणि दुसऱ्याच दिवशी गडग्यावरून ताकाचा तांब्या पलीकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून हरिश्चंद्र पाटावर बसायला लागला. बाबा फळ खातो ही गोष्ट मुलांना इतकी नवलाची होती, की ती ताटली घेऊन समोरच बसायची. आणि नुसतं बसून कंटाळा येतो, म्हणून बघता बघता आपलंही खायची. पोकळ दाढेत बी अडकली की हरिश्चंद्र जे तोंड करायचा, त्यावर शंकर अर्धी पपई सहज संपवायचा. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी आनंदीला बघितलं. “छान!” ते म्हणाले. “कशी काय सवय लावलीत हो?” हरिश्चंद्राने घसा खाकरला आणि म्हणाला, “जरा शिस्त लागते.”

पुढे पेरू संपले. हरिश्चंद्राला वाटलं, सुटलो. सकाळी उठून बघतो तर पाट मांडलेला, आणि पाटापुढे केळीची आख्खी फणी.

“पेरूंचा हंगाम संपलेला आहे,” तो पाठ ताठ करून म्हणाला, “सबब—”

“जन्मभर,” आनंदी म्हणाली, आणि शंकराचं तोंड धुवायला निघून गेली.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. सुभद्रा चुलीपाशी होती. हरिश्चंद्राने एक केळं सोललं, त्याकडे बघितलं, त्याचा जीव वर आला, आणि कसं झालं ते त्यालाही कळलं नाही, पण हात खिडकीबाहेर गेला. बाहेर पोवळी उभीच होती. बिचारीला कित्येक दिवसांत त्या खिडकीतून काही मिळालं नव्हतं. तिने केळं घेतलं, आणि आनंद पोटात न मावून मान वर करून अशी काही हंबरली की गडग्यावरचे कावळे उडाले.

हरिश्चंद्र वळला. दारात आनंदी उभी होती. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि हुबेहूब दाजींचा आवाज लावला.

“बा राखणदारा म्हाराजा! आमच्या बाबान आजचा केळा पोवळेक घातल्यान रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तिच्या मागून ओल्या तोंडाचा शंकर.

“व्हय म्हाराजा!” चुलीपाशी सुभद्रा.

“व्हय म्हाराजा!” गडग्यापलीकडून हौसाबाई. तिला काय झालं ते ठाऊकही नव्हतं, पण होकार द्यायला ते लागत नाही.

हरिश्चंद्र मुकाट्याने पाटावर बसला. फणीतलं दुसरं केळं त्याने तोडलं, सोललं आणि डोळे मिटून तोंडात घातलं. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला स्वतःला काही म्हणता आलं नाही. त्याच्या वाटचं तेवढं खिडकीतून पोवळीने म्हटलं.